तीन इंचांवर बांधलेली सळई

फरशीला कान लावून पालथी पडलेली ती बाई मला अजून दिसते. मार्च महिना होता, सकाळचे नऊ वाजले असतील. विहाराच्या नव्या सभागृहाची फरशी ती हातातल्या दगडाने ठोकायची, ऐकायची, वीतभर पुढे सरकायची, पुन्हा ठोकायची. मी दारात येऊन उभी राहिले तरी तिने मान वर केली नाही.

"बाई, इथी पोकळ वाजते," ती म्हणाली. "माहा नवरा इथी हाये."

तुम्ही दोघांनी मागच्या रविवारी फोनवर विचारलंत, "आजी, तुझी सगळ्यांत कठीण केस कोणती?" फोनवर तुम्ही मध्येच बोलता आणि माझा क्रम चुकतो, म्हणून लिहून पाठवते आहे. यातल्या कोणाचंही नाव मी लिहिणार नाही. त्यांची मुलंबाळं आज त्याच गावात नांदतात, आणि नावांवाचून गोष्टीचं काही अडत नाही.

मी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात, मूल तालुक्याकडच्या भाताच्या पट्ट्यात एका ठाण्यावर सहायक पोलीस निरीक्षक होते. आमच्या हद्दीत एका गावातल्या बौद्ध वस्तीने विहाराचं काम काढलं होतं. कोणी विटा दिल्या, कोणी बैलबंडीभर रेती, ज्याच्याजवळ काही नव्हतं त्याने अंगमेहनत. बुद्धपौर्णिमेला उद्घाटन करायचं ठरलं होतं. बांधकामाचा मिस्त्री मूल शहरातला, मुसलमान, पन्नाशीचा. त्याच्या वडिलांनी त्या भागातल्या कितीतरी राइस मिलची जोती बांधली होती. कमी बोलणारा, ओळंबा लावल्यासारखा सरळ उभा राहणारा माणूस. त्याच्या जोडीला गावातलाच एकजण सळई बांधायला असे. मी त्याला सळईवाला म्हणते. अकरा वर्षं दोघांनी एकत्र काम केलं होतं, एका डब्यात जेवले होते.

हा सळईवाला एका शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, दिसेनासा झाला. चार दिवस वाट पाहून त्याची बायको ठाण्यात आली. आम्ही मिसिंगची नोंद केली. उंची, अंगावरचे कपडे, खूण म्हणून डाव्या अंगठ्याचं तारेने काळं पडलेलं नख. आमचे जमादार गावात चौकशीला गेले आणि संध्याकाळी दोन गोष्टी घेऊन आले.

पहिली गोष्ट चहावाल्याकडून मिळाली. त्या शुक्रवारी सकाळी मिस्त्री आणि सळईवाला विहाराच्या भिंतीमागे कडाक्याचे भांडले. सगळं कोणालाच नीट ऐकू आलं नाही, पण मिस्त्रीचं एक वाक्य चहावाल्यासह चौघांनी ऐकलं होतं: "जास्त बोलशीन तं तुले इथीच गाडीन!" दुसरी गोष्ट अशी की त्याच दुपारी, सगळं गाव बाजाराला गेलेलं असताना, मिस्त्रीने सभागृहाच्या ईशान्य कोपऱ्यातलं काँक्रीट घाईने टाकलं. ठरल्याप्रमाणे तो कोपरा आठवड्याने भरायचा होता. माल वाहायला दोन बाया होत्या, पण त्या आल्या तेव्हा सळईची जाळी बांधून तयार होती. जाळीखाली काय आहे ते त्यांनी पाहिलं नव्हतं.

मी मिस्त्रीला बोलावलं. अटक केली नाही. प्रेत नाही, साक्षीदार नाही, अटक कशाच्या आधारावर करायची? तो रोज सकाळच्या बसने यायचा, बाकावर बसायचा, संध्याकाळच्या बसने परत जायचा. येण्याजाण्याची वेळ मी स्वतः स्टेशन डायरीत लिहीत असे.

"कुठे आहे तो?"

"मले नाई माहीत, मॅडम."

"भांडण कशावरून झालं?"

"कामावरून."

"गाडीन म्हणालात ते?"

"रागात म्हणलं. बापही म्हणते पोराले."

"कोपरा घाईने का भरला?"

इथे तो गप्प होई. चार दिवस तो याच प्रश्नावर गप्प झाला. खाली बघायचा आणि बोटांच्या पेरांवरचा वाळलेलं सिमेंट खरवडत बसायचा. जमादार मला बाहेर नेऊन म्हणाले, "मॅडम, खरा माणूस एवढा गप्प राहत नाई. याच्या पोटात काहीतरी हाये." मलाही तसंच वाटत होतं. 'भांडण कामावरून' एवढं मी डायरीत लिहिलं आणि त्याच्यापुढे विचारलंच नाही. ही चूक माझी. तिच्याकडे पुढे येईन.

त्यानंतर ती बाई फरशी ठोकताना मला दिसली. तिने दाखवलेली जागा नेमकी त्याच कोपऱ्यातली होती. पण जमादारांनी काठीने ठोकून पाहिलं तेव्हा आणखी चार ठिकाणी तसाच बद्द आवाज आला. खालचा मुरूम खचला की फरशी अशी वाजते, हे आम्हाला गावातल्या दुसऱ्या गवंड्याने सांगितलं. चाळीस फूट लांब आणि पंचवीस फूट रुंद फरशी. फोडायची तर कुठे आणि किती?

वरून फोन आला, "फोडा आणि मोकळे व्हा." गावात दोन तट पडले. त्यात बाहेरची काही माणसं येऊन मिस्त्रीच्या धर्मावरून कुजबुज करू लागली, तेव्हा मी गावात दोन शिपाई बसवले. विहार समितीचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. मी त्यांना विचारलं.

"मॅडम, माणसापरीस फरशी मोठी नाई," ते म्हणाले. "फोडा. पण एकदाच फोडा, आन् जिथी फोडायची तिथीच फोडा. अंदाजानं नका फोडू. लोकायनं रक्ताचं पाणी केलं हाये."

'अंदाजानं नका फोडू' हे वाक्य घेऊन मी ठाण्यात परतले आणि मला एक जुना बंदोबस्त आठवला. चंद्रपूरकडे कोळशाच्या पट्ट्यात एकदा रस्ता खचला होता. जमिनीखालचे जुने, विसरलेले बोगदे शोधायला एक पथक आलं होतं, आणि मी गर्दी आवरायला उभी होते. ट्रंकेएवढी एक नारिंगी पेटी ते लोक दोरीने जमिनीवरून ओढत होते. पेटीतून निघालेली वायर जीपमधल्या संगणकाला जोडलेली होती. जमिनीत रेडिओच्या लाटा सोडायच्या. माती, दगड, लोखंड, पोकळी, जिथे जिथे पदार्थ बदलतो तिथून त्या लाटांचा काही भाग परत येतो. परत यायला किती वेळ लागला त्यावरून ती गोष्ट किती खोल आहे ते कळतं. विहिरीत ओरडल्यावर आवाज परत येतो ना, तोच न्याय. भूभेदी रडार म्हणतात त्याला. तेव्हा ही यंत्रं विरळाच होती आणि पोलिसांना तर त्यांचं नावही माहीत नव्हतं.

मी पत्र लिहिलं, मग फोन केला, मग पुन्हा पत्र लिहिलं. पथकाचे प्रमुख नागपूरचे भूभौतिकशास्त्रज्ञ होते. फोनवर त्यांनी गुन्ह्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

"फरशीखाली काय भरलंय?"

"मुरूम."

"काळी माती नाही ना? चिकण मातीत, भाताच्या बांधीत माझं यंत्र आंधळं होतं. लाटा तिथेच जिरतात."

"मुरूमच आहे. मी पाहिलाय."

"आणि फरशीवर पाणी मारताय का अजून?"

"हो, रोज."

"आजपासून बंद करा. दहा दिवस वाळू द्या. ओल असली की खोलवरचं दिसत नाही."

ते दहा दिवस मला फार जड गेले. वरून रोज विचारणा होई. सळईवाल्याची बायको रोज सकाळी विहारात येऊन कोपऱ्यापाशी बसे. जेवणाचा डबा आणायची आणि न उघडता परत न्यायची. एकदा मी तिच्याशेजारी बसले. ती म्हणाली, "बाई, मिस्त्रीभाऊ माह्या घरी चटणी-भाकर खाऊन गेलेला माणूस हाये. त्यानं केलं म्हणाले जीभ वळत नाई. पण मंग हा गेला कुठी? दोनच गोष्टी हायेत. नाईतं हा इथी हाये, नाईतं मले टाकून गेला. कोणती खरी निघावी म्हणून मी देवाले सांगू?"

त्या दुपारी मी नागपूरला पुन्हा फोन लावला.

पथकाचे ते प्रमुख, म्हणजे आमचे रडारवाले, आले ते डोक्यावर उन्हाची टोपी आणि खिशात खडूची पेटी घेऊन. आधी आम्ही फरशीवर फूटफूट अंतराने खडूच्या रेघा आखल्या, उभ्या आणि आडव्या. टेपचं एक टोक मी धरलं होतं. तुम्हाला माहीत आहे, असल्या कामात मला आनंद वाटतो. मग पेटी प्रत्येक रेघेवरून सावकाश ओढायची. सगळं गाव दारा-खिडक्यांत जमलं होतं.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "साहेब, दवाखान्यात पोट पाह्याची मशीन राह्यते तशी हाये का हे?"

"तसंच समजा, बाबा."

"मंग जमिनीले कितवा महिना हाये?"

लोक हसले. मग कोपऱ्यात बसलेल्या बाईकडे लक्ष गेलं आणि हसू विरलं.

पडद्यावर राखाडी पट्टे सरकत होते. त्यात ठरावीक अंतरावर पालथ्या वाट्यांसारख्या कमानी उमटत. "ही सळई," रडारवाले म्हणाले. "एकेक कमान म्हणजे एकेक सळई. आठ-आठ इंचांवर आहे. चांगलं काम आहे." जिथे जिथे बद्द आवाज येत होता तिथे फरशीच्या पोटाशी पातळ पोकळी दिसली. मुरूम खचलेला, बाकी काही नाही. एक एक जागा मी माझ्या कागदावर खोडत गेले.

ईशान्य कोपऱ्यात पेटी शिरली आणि चित्र बदललं. कमानी एकमेकींत मिसळल्या, पडदा काळा झाला.

"इथे लोखंड फार दाट आहे," ते म्हणाले. "लाटा जाळीवरूनच परत फिरतात. खाली काय आहे ते मी सांगू शकत नाही, आणि न दिसलेलं सांगणार नाही." मग त्यांनी त्या कोपऱ्याच्या चहूबाजूंनी पेटी फिरवली आणि एका कागदावर ठिपके मांडले. "पण एवढं सांगतो. मुरुमाचे थर या ठिपक्यांपाशी तुटतात. हे ठिपके जोडा."

मी जोडले. गोल झाला. साडेपाच-सहा फुटांचा गोल.

"खड्डा?" जमादारांनी हळूच विचारलं.

"काहीतरी गोल आहे. आणि त्याच्यावर कोणीतरी खूप काळजीने जाळी बांधली आहे. साधारण चार इंचांवर."

तो छापील कागद घेऊन मी ठाण्यात बसले. फोडायचा कोपरा आता कळला होता. जमादार सब्बल, म्हणजे पहार, आणायला आणि पंच बोलवायला निघाले, तेव्हा मी त्यांना थांबवलं. माझ्या डोक्यात 'काळजीने' हा शब्द अडकला होता. घाबरलेला माणूस प्रेत लपवतो तेव्हा मुरूम लोटतो, माल ओततो, वरून थापी फिरवतो. तो दुप्पट लोखंड लावून, तार पिळून, एकसारखं अंतर राखत बसत नाही. ही जाळी काही लपवण्यासाठी नव्हती, काहीतरी पेलण्यासाठी होती.

मी मिस्त्रीला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि कागद त्याच्यापुढे ठेवला. सळईवाल्याचं नावही काढलं नाही.

"मिस्त्रीभाऊ, सगळीकडे आठ इंचांवर सळई आहे. या कोपऱ्यात चार इंचांवर का बांधलीत?"

त्याने कागद उचलला, उजेडाकडे धरला. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काही हललं.

"चार नाई," तो म्हणाला. "तीन. दोन थर हायेत. तुमची मशीन चुकून राह्यली, मॅडम."

"तीन इंच? दोन थर? एवढं लोखंड कशाला लागतं?"

"मंग का पोरं नाचतीन त्याच्यावर तं खाली पडू देऊ?"

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि वाट पाहिली.

"खाली विहीर हाये," तो म्हणाला.

जमीन सपाट करताना त्या दोघांना दगडी चिपांनी झाकलेलं एक तोंड सापडलं होतं. जुनी बांधीव विहीर, गावात कोणालाच ठाऊक नसलेली. दगड टाकला तर पाण्याचा आवाज आला. सळईवाला म्हणाला, गुरुजीले सांगू, भरून टाकू, पायाखाली पोकळी ठेवता येत नाही. कोणीही शहाणा माणूस हेच म्हणाला असता.

"बरोबरच म्हणत होता तो," मिस्त्री म्हणाला. "पण जित्ता झरा हाये, मॅडम. माह्या बापानं मले थापी देताना एकच कसम घातली होती: भिंत पाड, घर पाड, पण जितं पाणी बुजवू नको. समितीले सांगतलं असतं तं ते भराच म्हणले असते. म्हणून मी वर फळ्या टाकल्या, जाळी बांधली, सलॅब टाकला. पावसाळ्याआधी भिंतीच्या बाहेरून त्याले तोंड काढतो म्हणलं होतं."

"एवढंच होतं, तर इतके दिवस सांगितलं का नाही? तुमच्यावर खुनाचा संशय होता."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी काही अगदी साधं विचारलं होतं. "खून म्या केलाच नाई, तं त्याचं भेव कायचं? पण हे तं म्या केलं ना. लोकायच्या विहाराखाली पोकळी ठेवली, न सांगता. हे कळलं असतं तं कोणी मले वीट लावाले बोलावलं नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांसमोर कोपरा उघडला. छिन्नी मिस्त्रीनेच चालवली, कारण सळई कुठे आहे हे त्याच्या हातांना पाठ होतं. करवतीने सळई कापताना तो दर वेळी डोळे मिटत होता. माणूस जेमतेम उतरेल एवढं भोक झालं. बंद विहिरीत विषारी हवा असते, म्हणून आधी दोरीने पेटता कंदील सोडला. तो तेवत राहिला. गुरुजींनी घरून आणलेल्या आरशाने बाहेरचं ऊन आत फेकलं आणि जमादार कमरेला दोर बांधून उतरले.

ती बाई भिंतीला टेकून उभी होती. तिने पदराचं टोक दातांत धरलं होतं. खालून पाण्याचा आवाज येत राहिला. जमादार पायांनी, मग काठीने तळ चाचपत होते. मग त्यांचा आवाज आला, घुमत:

"मॅडम, काई नाई इथी! कंबरभर पाणी हाये नुसतं! थंडगार!"

बाई खाली बसली. इतक्या दिवसांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, ती तेव्हा रडली. मग डोळे पुसून उठली आणि सरळ मिस्त्रीसमोर जाऊन उभी राहिली.

"मिस्त्रीभाऊ, त्या दिवशी शेवटी काय म्हणला तो? शब्दाले शब्द सांग."

"म्हणला, तुह्यासंग पाप करण्यापरीस मी मिरची तोडाले जातो."

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. 'भांडण कामावरून' एवढ्यावर मी थांबले, कारण मी गुन्हा शोधत होते, काम शोधत नव्हते. आमच्या भागातून माघ-फाल्गुनात मजुरांचे जथे नदीपलीकडे आंध्रात मिरची तोडायला जातात. बाजाराच्या दिवशी त्यांच्या गाड्या बाजारातूनच सुटतात. मिस्त्रीला वाटत होतं तो तिकडेच गेला असणार, पण ते सांगितलं तर भांडण कशाचं तेही सांगावं लागलं असतं. विहीर झाकायला त्याने जे मौन धरलं, त्याच्याखाली माणसाचा पत्ताही झाकला गेला होता.

सिरोंच्यामार्गे पलीकडच्या ठाण्यांना वायरलेस गेला. काळ्या नखाची खूण कामी आली. आठव्या दिवशी सळईवाला आमच्या ठाण्याच्या दारात उभा होता, हात मिरचीने लाल झालेले, खांद्यावर मजुरीत मिळालेली मिरचीची पिशवी. शेजारच्या गावच्या एका माणसाजवळ त्याने घरी निरोप दिला होता. तो माणूस निरोप विसरून स्वतःच पुढच्या गाडीत चढला होता.

मी त्याच्या बायकोला आणि मिस्त्रीला बोलावून घेतलं. बायकोने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आलास? मी तुले फरशीखाली शोधून राह्यली, आन् तू तिथी मिरच्या तोडून राह्यला!"

मिस्त्रीकडे वळून त्याने विचारलं, "बुजवली का नाई अखेर?"

"तूच जाऊन पाह्य," मिस्त्री म्हणाला. "आन् येताना कापलेली सळई मोज. सारी तुह्या नावावर हाये."

मिसिंगची नोंद मी त्याच दुपारी बंद केली. समितीची बैठक झाली, तिला मीही गेले. मिस्त्रीने उभं राहून चूक कबूल केली. ओरडाआरडा होईल असं मला वाटलं होतं. पण गुरुजी उठले. त्यांचा आजा सांगत असे, म्हणाले, की आपल्या वस्तीची स्वतःची एक विहीर होती. गावच्या विहिरीवर आपल्याला चढू देत नव्हते, त्या काळात वाडवडलांनी खोदलेली. एका पुराच्या वर्षी चिपांनी झाकलेलं तिचं तोंड गाळाखाली गेलं आणि जागा कोणाच्या लक्षात उरली नाही. "आपण म्हाताऱ्याची कहाणी समजत होतो," ते म्हणाले आणि खाली बसले.

सभागृहाचा तो कोपरा आत घेतला. भिंत तिरपी बांधून विहीर बाहेर काढली, कठडा बांधला. पुन्हा त्या दोघांनीच बांधला. बुद्धपौर्णिमा पंधरा दिवसांनी चुकली, पण कोणी हळहळलं नाही. त्या मे महिन्यात हापसा कोरडा पडला तेव्हा वस्ती त्या विहिरीवर पाणी भरत होती, आणि उरलेलं गावही.

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं. गप्प माणूस गुन्हाच लपवत असतो असं नाही. पुष्कळदा तो खोट्या आरोपाला भीत नाही, स्वतःच्या खऱ्या चुकीला भितो. त्याला गुन्ह्याबद्दल शंभर वेळा विचारा, तो दगड होतो. त्याला त्याच्या कामाबद्दल विचारा, आणि मनापासून विचारा. त्यानंतर मी प्रत्येक चौकशीत आधी हेच विचारू लागले. सुताराला लाकडाबद्दल, गुराख्याला गुरांबद्दल. यंत्राने मला जमिनीखालची जागा दाखवली, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. जिथे दिसत नाही तिथे 'दिसत नाही' असं सांगणारे ते रडारवालेही मी विसरले नाही.

मिस्त्रीच्या जबाबाची एक प्रत माझ्या लाल फाइलमध्ये आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा दाखवीन. माझ्या अक्षरात चार पानं आहेत आणि सगळ्या पानांवर एकच खाडाखोड आहे. जबाब वाचून दाखवल्यावर त्याने सही करायला नकार दिला होता. मी घाबरले, वाटलं आता हा सगळंच फिरवतो. त्याने फक्त एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे मी सवयीने 'चार इंच' लिहिलं होतं. ते खोडून मी 'तीन' केलं, शेजारी आम्ही दोघांनी आद्याक्षरं केली, आणि मगच त्याने पेन घेतलं.